साडू, कीबोर्ड आला

साडू, तुझ्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी कीबोर्ड आला. कुरिअरवाल्यानं खाली गेटपाशी उभं राहून तुझं नाव पुकारलं आणि सुमनताईंना वरून उत्तरच देता आलं नाही. शेवटी शेजाऱ्यांनी पार्सल घेतलं. मग ताईंचा मला फोन आला, "मनोहरराव, तुमच्या साडूचं काहीतरी आलं आहे, घेऊन जा." मी गेलो, पण नेलं नाही. तुझ्या जेवणाच्या टेबलावर आपण खोललेला तुझा लॅपटॉप अजून तसाच पडला होता, वर्तमानपत्राखाली झाकलेला. त्याच्या शेजारी पार्सल ठेवलं, चहा घेतला आणि परत आलो.

पेपरात तुझा फोटो आला होता. खाली लिहिलं होतं, मनमिळाऊ आणि मितभाषी. वाचून माझी मंदा रडता रडता हसली. नाली तुंबली की महानगरपालिकेला दोन-दोन पानी तक्रारी टाइप करणारा तू, आणि मितभाषी! तुझं गाव, तुझी सावनेरकडच्या खाणीच्या ऑफिसातली नोकरी, मागे कोण कोण आहे, सगळं छापून झालं आहे. मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं, ते मनातून जात नाही म्हणून लिहितो आहे.

साडू हे नातं कोणी मागून घेत नाही. बायको केली की तिच्या बहिणीचा नवरा आपोआप पदरात पडतो. तू सुमनताईंचा नवरा म्हणून थोरला जावई, मी मंदाचा म्हणून धाकटा. पारशिवनीला सासरवाडीत गेलो की दोघांना एकाच पलंगावर बसवायचे, पाठीशी लोड द्यायचे, आणि पाण्याचा पेलासुद्धा उचलू द्यायचे नाहीत. "तुम्ही घ्या आधी." "छे छे, तुम्ही मोठे, तुम्ही घ्या." इतकी वर्षं आपण एवढंच बोललो. तू मला घमेंडी वाटायचास, आणि मी तुला कंजूष कापडवाला वाटायचो. हे तूच मला नंतर सांगितलंस.

मग तो अधिक महिना आला. सासऱ्यांनी दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. पुरण झालं, अनारसे झाले, उपरणी देऊन झाली, आणि दुपारी पलंगावर बसून काय करायचं ते दोघांनाही कळेना. तेवढ्यात आपला मेव्हणा दिलीप सहज बोलून गेला की त्याचा लॅपटॉप फार तापतो, आतला पंखा घरघर करतो. तू म्हणालास, "उघडून पाहू." तू तोवर रेडिओशिवाय काही उघडलं नव्हतंस आणि मी तर तेही नाही. दिलीपचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. पण जावयाला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती. सासऱ्यांनी स्वतः स्क्रू काढायचा पेचकस आणून दिला आणि सासूबाईंनी खाली जुनी चादर अंथरली.

पंख्यातून कापसाच्या वातीसारखी धूळ निघाली तेव्हा आपण दोघं इंजिनिअर झालो होतो. बंद करताना मात्र घात झाला. स्क्रू लांबही होते आणि आखूडही, आणि आपण ते सगळे एकाच वाटीत टाकले होते. आखूड स्क्रूच्या भोकात तू लांब पिळलास आणि मी "अजून थोडा, अजून थोडा" म्हणत राहिलो. वरून, जिथे मनगट टेकतं तिथे, फोड आला. माउसची पट्टी मेली ती मेलीच. दिलीप नुसता राग गिळत होता. सासरे म्हणाले, "होते असं. जावईबापूंनी मेहनत तर केली." आणि सासूबाईंनी दोघांच्या ताटात आणखी अनारसे वाढले.

परत येताना माझ्या मोटारसायकलवर तू मागे बसला होतास. हमरस्ता लागला. मग माझ्या पाठीमागे काहीतरी हलायला लागलं, आणि कळलं की तू हसतो आहेस. मला गाडी बाजूला घ्यावी लागली. डोळे पुसत तू म्हणालास, "काय गा, त्याहिनं आपल्याले मारलं काहून नाही?" त्या दिवसापासून आपलं तुम्ही-आम्ही संपलं. दिलीप अजून त्या मशीनला जावयांचा फोड म्हणतो.

त्या फोडाच्या लाजेनं आपण शिकलो. रविवारी तुझ्या टेबलावर कोणाचा ना कोणाचा लॅपटॉप येऊन पडायचा. कोणाची जुनी फिरती डिस्क काढून नवी बसवायची, कोणाची रॅम वाढवायची, कोणाची फुगलेली बॅटरी काढायची. मी दुकानातून टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक घेऊन यायचो. तू ताईंचा जुना मिसळणाचा डबा ढापला होतास. वरचे स्क्रू एका वाटीत, बॅटरीचे दुसऱ्या, पंख्याचे तिसऱ्या. एकदा तो डबा नीट रिकामा न करताच स्वयंपाकघरात गेला आणि ताईंना आलू-वांग्याच्या भाजीत स्क्रू सापडला. ताईंनी तो काढून तुझ्या ताटाच्या कडेला ठेवला. "खा," म्हणाल्या, "लोखंडानं रक्त वाढते म्हणतात."

आपलं भांडणही तिथलंच. मी कापडवाला माणूस. गांधीबागेत अस्तराचं दुकान चालवून एवढं शिकलो की अस्तर विरलं की सगळं उसवून नवं लावावं, ठिगळ लावलं तर वरचं कापडही फाटतं. त्यामुळे मशीन उघडली की माझं एकच, "बदलून टाक." तुझं बरोबर उलटं. रॅमची पट्टी काढायचास, तिचे पिवळे दात खोडरबरनं घासायचास आणि तीच परत बसवायचास. चालली की माझ्याकडे बघून भुवया उडवायचास. फुगलेली बॅटरी मात्र तू क्षणभर ठेवायचा नाहीस, ती लगेच बाहेर. "बिघडलेलं काढाच लागते," तू म्हणायचास. "पण थकलेलं अन् बिघडलेलं यात फरक असते, गा. थकलेल्याले राहू द्याव." मी तुला आळशी म्हणायचो. तू मला म्हणायचास की माझ्या दुकानात माणसं शिरली तर मी त्यांचेही हातपाय बदलून देईन.

माझा भाऊ गेला तेव्हाचं तुला कधी बोलून दाखवलं नाही. मी घरात नुसता भिंतीकडे बघत बसलो होतो. तू रोज सकाळी येऊन माझ्या खिशातली किल्ली न्यायचास, दुकानाचं शटर उघडायचास, गिऱ्हाइकाला अस्तरातलं काही कळत नसताना कापड दाखवायचास, आणि संध्याकाळी किल्ली परत आणून द्यायचास. एक शब्द सांत्वनाचा बोलला नाहीस. एका दुपारी तू लाल ब्लाउजला हिरवं अस्तर विकलंस. ती बाई दुसऱ्या दिवशी भांडायला आली आणि मला दुकानात यावंच लागलं. तू हे मुद्दाम केलंस की खरंच तुला रंग कळत नव्हता, हे मी विचारणार होतो. राहून गेलं.

यंदाच्या उन्हाळ्यात तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मठ्ठा सांडला. तुझी कल्याणी लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा मागे ठेवून गेलेला तो लॅपटॉप. अर्धी बटणं मेली. तू शांतपणे म्हणालास, "बाहेरचा कीबोर्ड लावून टाकू, वायरवाला. मले काय, तक्रारीच टाइप करायच्या आहे." मी ऐकलं नाही. मी म्हटलं, मशीनला स्वतःचा कीबोर्ड नसणं बरं दिसत नाही. अशा मशीनमध्ये कीबोर्ड बदलणं म्हणजे केवढा कुटाणा असतो, ते आपल्या दोघांनाही माहीत होतं. रोज ज्याला बोट लागतं तेच सगळ्यात आत बसवलेलं असतं. बॅटरी काढा, पंखा काढा, डिस्क काढा, मुख्य बोर्ड काढा, तेव्हा कुठे त्याचा पत्रा दिसतो. तो पत्राही स्क्रूनं नाही, प्लास्टिकच्या वितळवलेल्या बारीक मण्यांनी चिकटवलेला. ते मणी एकेक खरवडायचे आणि नवा ठेवून परत वितळवायचे. तू नाही-नाही म्हणत राहिलास, आणि नेहमीप्रमाणे माझ्या हट्टापुढे पेचकस हातात घेतलास. आपण तो पार हाडापर्यंत उघडला. पुढच्या रविवारी तुझ्या पोटात दुखायला लागलं.

पोटाचं दुखणं लिव्हरपर्यंत गेलेलं होतं. ते आपल्याला फार उशिरा कळलं. तू दवाखान्यात, आणि तुझा लॅपटॉप टेबलावर उघडा. ताई जेवायच्या तर मांडीवर ताट घेऊन, पण टेबलाला हात लावू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "त्याहिले समजते कुठं काय ठेवलं ते. आल्यावर लावतीन."

मी मागवलेला पहिला कीबोर्ड चुकीचा निघाला. तरी तो घेऊन मी दवाखान्यात आलो, तुला दाखवायला. तुझ्या हाताच्या पाठीवर सुई टोचलेली होती. तू कीबोर्ड मांडीवरच्या ब्लँकेटवर ठेवलास, डोळे मिटलेस आणि बोटं फिरवलीस.

"एंटर उभं आहे याचं," तू म्हणालास. "आपलं आडवं होतं. वापस कर."

"करतो."

"अन् मले घरी ने."

मी म्हटलं, "नेऊ ना. डॉक्टरनं सोडू दे."

"डॉक्टर सोडते तसं नाही म्हणून राहिलो मी." तू माझ्याकडे बघत होतास. "हे होत नाही आता. रोज टोचून राहिले, रोज काढून राहिले. मले माझ्या घरात राहू दे. तू सुमनले सांग. मी म्हटलं की ती उठून बाहेर जाते. तुझं ऐकन ती."

साडू, त्या वेळी मला एवढंच म्हणायचं होतं की हो, सांगतो. त्याऐवजी मी काय बोललो ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, दुसरा मागवला आहे, थेट दिल्लीहून, या वेळी नंबर जुळवून. तो येईपर्यंत तू उठून बसशील. मणी वितळवायला मला तुझा हात लागेल, माझा थरथरतो.

तू कीबोर्ड उचललास. मग म्हणालास, "किती बदलशील गा?" आणि कीबोर्ड माझ्या हातात दिलास.

त्यानंतर मी रोज दुपारी यायचो, आणि आल्या आल्या पार्सलची बातमी द्यायचो. पार्सल निघालं. पार्सल अडकलं. आता रायपूरला गेलं बघ, उलटीकडे. ताई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या असायच्या. तुला बोलायला जागा राहू नये म्हणून मी बोलत राहायचो, हे मला तेव्हाही कळत होतं. एकदा ताईंनी विचारलं, "मग तो आला की बसवाले किती वेळ लागते?" मी ठोकून दिलं, "काही नाही, एक दुपार." ताई बऱ्याच दिवसांनी हसल्या. तू भिंतीकडे कूस वळवलीस.

का नाही बोललो, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. बायकोची मोठी बहीण, तिच्यापुढे आम्ही आजवर मान वर करून चहाही मागितला नाही. तिला कोणत्या तोंडानं सांगायचं की आता सोडा, घरी घेऊन चला? घरी नेणं म्हणजे काय, ते सगळ्यांनाच कळत होतं. कल्याणी फोनवर रोज विचारायची, काका, बाबा बरे होतील ना? पण ही सगळी मागाहून जमवलेली कारणं आहेत. मी भ्यालो होतो. आणि मला तुझ्याशी भांडण जिंकायचं होतं. तू थकला नाहीस, फक्त काहीतरी बिघडलं आहे, आणि बिघडलेलं बदलता येतं, हे मला सिद्ध करायचं होतं.

तुला घाबरायला होतं का, एवढं तरी विचारायला हवं होतं. ते मी कधीच विचारलं नाही. शटर उघडून देणारा माणूस तू होतास. मी नुसता पार्सलच्या बातम्या देणारा निघालो.

तू सकाळी गेलास. मी माझी कार खाली लावून वर आलो तेव्हा ताई तुझे पाय चेपत होत्या, आणि नर्स त्यांना हळूच थांबायला सांगत होती. मग तू घरी आलास. तुला हॉलमध्ये ठेवायचं म्हणून जागा करावी लागली. चार जणांनी मिळून ते टेबल उचललं, वरच्या उघड्या लॅपटॉपसकट, आणि गॅलरीत नेऊन ठेवलं. कोणीतरी म्हणालं, हे भंगार कशाला ठेवलं आहे?  वारा होता म्हणून ताईंनी त्यावर वर्तमानपत्र टाकलं आणि कडेला एक वाटी ठेवली. मग येऊन तुझ्या उशाशी बसल्या.

गेल्या रविवारी मी पुन्हा तुझ्या घरी गेलो. मंदा म्हणत होती, जाऊ नका, ताईला त्रास होईल. पण ते तसंच पडलेलं मला बघवेना. पार्सल फोडलं. एंटर आडवं होतं, भोकं जुळत होती. जुने मणी खरवडले, नवा पत्रा बसवला आणि मणी वितळवायला सोल्डरचा गज तापवला. हात थरथरायला लागला तेव्हा ताई न सांगता समोर येऊन बसल्या आणि त्यांनी पत्रा दोन्ही बाजूंनी दाबून धरला. आम्ही दोघं इतकी वर्षं एका कुटुंबात आहोत, पण एवढ्या जवळ कधी बसलो नव्हतो. प्लास्टिक वितळल्याचा वास सुटला होता.

निम्मे मणी झाल्यावर ताई म्हणाल्या, "मनोहरराव, एक विचारू? ह्यांनी तुम्हाले घरी न्या म्हटलं होतं का?"

या वेळी मी विषय बदलला नाही. "हो," म्हटलं. "म्हटलं होतं. तुम्हाले सांग म्हणाला होता."

त्यांनी मान हलवली. पत्र्यावरचा हात काढला नाही. "मलेही म्हटलं होतं. पह्यले मी बाहेर निघून जात होती. मग एक दिवस नाही गेली, बसून ऐकलं. डॉक्टरलेही विचारलं. ते म्हणे, आमची मनाई नाही, दुखणं कमी करायची औषधं देतो, तुम्ही ठरवा. मी हॉलमध्ये खाट कुठं टाकाची तेही ठरवून ठेवलं होतं, खिडकीपाशी."

"मग?" मी विचारलं. 

"मग काय. म्हटलं, मनोहररावले विचारून घेऊ, त्याहिले यांचं जास्त समजते. तुम्ही रोज येत, अन् कीबोर्डचंच बोलत. दिल्लीवरून मागवून राहिले, एका दुपारी बसवू म्हणून राहिले. मले वाटलं, तुम्हाले काही आशा दिसून राहिली. म्हणून मी चूप बसली."

गज माझ्या हातात तापून होता. ताईंनी तो हळूच घेतला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "राहू द्या आज."

मी राहू दिलं. जिना उतरून खाली आलो आणि गाडीत बसून राहिलो, किल्ली न लावता. तू मागितलं होतंस, साडू. ताई तयार होत्या. गाडी माझी होती.